दैवशाला, भाया आणि वजनकाटा

जालन्याच्या कडेला असलेल्या एका बियाण्याच्या कारखान्यात दैवशाला तेरा वर्षं काम करत होती आणि या तेरा वर्षांत ती आपल्या सुपरवायझरशी एक शब्दही बोललेली नव्हती. भांडण नव्हतं. उलट दोघांचं काम इतकं बिनबोभाट चालायचं की मालक अण्णासाहेब दुसऱ्या शेडमधल्या लोकांना त्यांचा दाखला द्यायचे. अडचण एवढीच होती की सुपरवायझर भागवत हा दैवशालाच्या नवऱ्याचा, वसंताचा, थोरला चुलतभाऊ. म्हणजे तिचा भाया. आणि कुंभार पिंपळगावच्या त्यांच्या भावकीत बाईनं भायाशी समोरासमोर बोलायचं नाही, त्याच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तो बसला असेल तिथं आपण बसायचं नाही, असा रिवाज होता. गावात हे निभतं. भाया आला की बाई आत जाते, तो गेला की बाहेर येते. पण कारखान्यात भाया आठ तास समोरच्या खुर्चीत बसलेला आणि बाईनं त्याच्याच हाताखाली मिरचीचं बी निवडायचं, म्हटल्यावर पंचाईत व्हायचीच.

ही पंचाईत वजनकाट्यानं सोडवली.

शेडच्या मधोमध लोखंडी टेबलावर लाल आकड्यांचा इलेक्ट्रिक काटा होता आणि त्याच्या पलीकडे भागवतची खुर्ची. कामावरच्या पहिल्याच दिवशी दैवशालाचं पोतं भरलं. सांगायचं कुणाला आणि कसं? ती पदर पुढे ओढून बराच वेळ काट्याकडे बघत उभी राहिली आणि शेवटी त्यालाच म्हणाली, "काट्या, पोतं भरलंय म्हणावं."

भागवतनं मान वर केली. क्षणभर विचार केला. मग तोही काट्याकडे बघत म्हणाला, "काट्या, म्हणावं, तोंड शिवून टाका जल्दी."

तेव्हापासून तेरा वर्षं हेच. "काट्या, ह्या बियात ओल हाय म्हणावं. दाताखाली दबून राह्यलं, तुटून न्हाई राह्यलं." "काट्या, म्हणावं, उन्हात टाका दोन दिवस." एकदा तर काट्याला घरची खबरही मिळाली. "काट्या, म्हणावं, आमच्या मीनाला मुलगी झाली." त्यावर दैवशालानं काट्यालाच विचारलं, की नुसतं सांगून काय होतंय, पेढे कुठंयत. दुसऱ्या दिवशी काट्यावर पेढ्यांचा पुडा आला. नवीन बाया पहिला आठवडा हे बघून तोंडात पदर कोंबून हसायच्या, मग त्यांनाही सवय व्हायची. शेडमधली सगळ्यात जुनी बाई म्हणजे साठीच्या गिरिजाबाई. त्या म्हणायच्या, "तुमच्या दोघांपरीस ह्या काट्याला बढती द्यायला पाहिजे. समदा कारभार तर हाच करून राह्यला."

दैवशाला होतीच तशी कामाची. माहेर मंठ्याजवळचं, लहानपण रानात गेलेलं. बी नुसतं तळहातावर घेतलं तरी तिला कळायचं की यात भेसळ आहे का, किडकं आहे का, मागच्या वर्षीचं जुनं आहे का. औषध लावायला जाण्याआधी प्रत्येक पोतं एकदा तिच्या हाताखालून गेलं पाहिजे, असा अण्णासाहेबांचा हुकूम होता. लॅबमधली पोरं यंत्रावर तपासायची आणि मग हळूच येऊन तिला विचारायची. याचा तिला अभिमान होता. घरी जुन्या जालन्यात भाड्याची एक खोली, नवरा पंक्चरच्या दुकानात, सासू गावी. त्या सगळ्यात आपल्या एकटीचं म्हणावं असं तिच्याकडे हे एवढंच होतं.

तिची गाडी अडली ती बाथरूमपाशी.

कारखान्यात बायांसाठी बाथरूम नव्हतं असं नाही. होतं, आणि काय होतं. तीन वर्षांमागं बाहेरच्या एका मोठ्या कंपनीचे पाहुणे कारखाना बघायला येणार होते, तेव्हा ते बांधलं गेलं. बांधकाम भागवतनं जातीनं करून घेतलं. जुन्या जालन्यातली सगळी दुकानं पालथी घालून त्यानं निळ्या फरश्या आणल्या, त्यांवर पांढरे राजहंस, आत आणि बाहेर दाराभोवतीही. आरसा लावला, साबणाची वडी ठेवली. पाहुण्यांनी ते बघून मान डोलावली. भागवतला भरून आलं. आणि त्या दिवसापासून त्या राजहंसांच्या अंगावर कुणी बादलीभर पाणी ओतावं, चपलेचा चिखल न्यावा, हे त्याच्या जिवाला लागायला लागलं. त्यानं दाराला कुलूप घातलं आणि चावी शर्टाच्या वरच्या खिशात टाकली.

नाही म्हणायचा नाही तो. मागेल तिला चावी मिळायची. पण भागवतला एक सवय होती. कुणी कसलीही चावी मागितली, गोदामाची, लॅबची, जनरेटरची, की तो खिशात हात घालता घालता विचारायचा, "कशाला?" त्यात वाईट हेतू काही नव्हता, इतक्या वर्षांत ते तोंडाला बसलेलं. मात्र पाच हमाल उभे असताना बाथरूमची चावी मागणाऱ्या बाईला "कशाला?" असं विचारल्यावर तिनं काय उत्तर द्यावं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. त्यातून एखादीनं चावी घेतलीच तर फरशीवर पाणी कसं ओतावं, कुठून कुठे ओतावं, यावर भागवत व्याख्यान द्यायचा. गिरिजाबाई रोज बाराच्या ठोक्याला जायच्या आणि ते व्याख्यान ऐकून घ्यायच्या. बाकीच्या बाया मागच्या भिंतीआड वेड्या बाभळीत जायच्या. गेल्या दिवाळीत नवीन गोदामासाठी बाभळी काढल्या. मग बायांनी पाणी पिणंच सोडलं.

इतर बायांना निदान मागता तरी येत होतं. दैवशालानं काय करावं? पोतं, ओल, पेढे इथपर्यंत काटा ठीक होता. पण भायाला ही गोष्ट काट्यामार्फतही कशी सांगायची? एक दिवस अगदीच निभेना तेव्हा तिनं धीर केला. काट्यापाशी गेली आणि म्हणाली, "काट्या, चावी पाहिजेल म्हणावं."

"काट्या, म्हणावं, कशाला?" भागवत म्हणाला.

दैवशालानं पदर आणखी पुढे ओढला. "काट्या, जरा... जाऊन यायचंय म्हणावं."

भागवतनं मोठ्या समजूतदारपणे मान हलवली आणि काट्यावर गोदामाची चावी ठेवली. आता ही नाही ती, असं सांगायचं म्हणजे ती कोणती हे सांगणं आलं. दैवशालानं मुकाट्यानं चावी उचलली, गोदाम उघडलं, पोत्यांच्या थप्प्यांमध्ये पाच मिनिटं पाय आवळून उभी राहिली आणि परत येऊन चावी काट्यावर ठेवली. संध्याकाळी भागवत अण्णासाहेबांना सांगत होता, "वसंताच्या मंडळीला गोदामाची लई काळजी. मधीच जाऊन थप्प्या बघून येती." पुढच्या सोमवारपासून दर दुपारी थप्प्या मोजायचं काम तिच्याकडे आलं.

तर अशी ही बाई सकाळी घरून निघताना अर्धा पेला पाणी प्यायची, ते संध्याकाळी घरी गेल्यावर तांब्या तोंडाला लावायची. जालन्याच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडखाली. मार्चात पहिल्यांदा जळजळ सुरू झाली, एप्रिलात थंडी वाजून ताप आला आणि मे महिन्यात पाठीत कळ येऊन ती पोत्यावरच वाकली. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, फोटो काढला आणि विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

दैवशालानं प्रामाणिकपणे सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"एक किडनी सुजलीय. रोज तीन लिटर पाणी प्यायचं आणि दर दोन तासाला जाऊन यायचं. जमत नसंल तर काम सोडा. असं परत झालं तर मी गोळ्या लिहून देणार न्हाई, थेट अ‍ॅडमिट करीन."

बाहेर रिक्षात बसल्यावर वसंता म्हणाला, "सोडून दे काम. घरीच ऱ्हा."

"आन् बी कोण बघंल?"

"बघंल कोणी बी."

हे ऐकून दैवशालाला किडनीपेक्षा जास्त दुखलं. ती म्हणाली, "काम नका सोडायला लावू. तुमच्या दादाला सांगा, कुलूप काढा म्हणून. एवढंच सांगायचंय."

वसंतानं छाती पुढे काढली. "उद्याच सांगतो. त्यात काय." दुसऱ्या दिवशी तो दादाकडे गेला, दोन तासांनी परत आला. सांगितलं का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "चहा झाला. मंग भजे आले. मंग गावच्या देवळाच्या कळसाचं निघालं. तो विषय न्हाई निघाला." त्यानंतर आणखी दोनदा गेला. तिसऱ्या खेपेला आंब्याची पेटी घेऊन आला. दैवशाला समजायचं ते समजली.

त्याच सुमाराला कारखान्यात मॅडम आल्या. बायांनी कामाच्या ठिकाणी आपलं म्हणणं मांडायला शिकावं, असा कार्यक्रम होता आणि त्यासाठी संभाजीनगरहून मॅडम आलेल्या. चांगल्या होत्या हो, तळमळीच्या होत्या. त्यांनी सगळ्या बायांना गोल बसवलं, फळ्यावर लिहिलं, "मी बोलणार", आणि सगळ्यांकडून ते मोठ्यानं म्हणवून घेतलं. पत्रे हादरले. मग मॅडमनी शिकवलं की बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं, मान खाली घालू नये, आवाज मोकळा ठेवावा. भागवत दारात हाताची घडी घालून उभा होता, काही लागलं-सवरलं तर असावं म्हणून.

"आता आपण नाटक करू," मॅडम म्हणाल्या. "एक जण साहेब होईल, दुसरी तिच्याकडे आपली गरज मांडेल."

गिरिजाबाई साहेब झाल्या. खुर्चीत रेलून, पाय पसरून अशा बसल्या की नव्या बाया आपोआप उठून उभ्या राहिल्या. दैवशालाला पुढे ढकललं गेलं. तिनं मॅडमनी सांगितलं तसं गिरिजाबाईंच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "साहेब, मला चावी पाहिजेल."

गिरिजाबाईंनी खिशात हात घातल्यासारखं केलं आणि हुबेहूब भागवतच्या आवाजात विचारलं, "कशाला?"

दैवशालाचा हात आपसूक डोक्यावर गेला, पदर हनुवटीपर्यंत आला आणि आतून हसू की रडू कळेना असा आवाज यायला लागला. सगळं शेड हसलं. दारातला भागवतही हसला. त्याला वाटलं, गोदामाचं नाटक चाललंय.

शेवटी मॅडमनी विचारलं, "तर मग, मोकळेपणानं सांगा. इथं काही अडचण आहे?"

बावीस बायांनी दाराकडे बघितलं आणि एका सुरात उत्तर दिलं, "काई न्हाई मॅडम. समदं बराबर हाय." मग सगळ्यांचा मिळून फोटो काढायचा ठरलं. कारखान्यात फोटोला चांगली अशी एकच जागा होती. बाथरूमच्या कुलूपबंद दारापुढे उभं राहून बावीस बाया फोटोत हसल्या.

पण त्या दिवशीचं काहीतरी दैवशालाच्या मनात राहिलं. घरी भाकरी थापताना ती परातीला म्हणायची, "मला चावी पाहिजेल." परातीनं कशाला असं विचारलं नाही, त्यामुळे पुढचं वाक्य काही पाठ होत नव्हतं.

जूनमध्ये काटा शिक्क्याला गेला. वर्षातून एकदा वजनमापवाल्यांकडून काटा तपासून, त्यावर शिक्का मारून आणावा लागतो, नाहीतर दंड. दरवर्षी त्या दिवशी दैवशाला रजा टाकायची. कारण विचारलं की सांगायची, "काटा न्हाई, तर जाऊन काय करू?" या वर्षी मात्र सगळ्या रजा तापात गेलेल्या. त्यातून पेरण्या तोंडावर, माल बाहेर पडायचा, आणि अण्णासाहेबांचा निरोप आलेला की दैवशालानं बघितल्याशिवाय एक पोतं हलायचं नाही.

ती आली. डब्याच्या पिशवीत लिटरभर पाण्याची बाटली होती. आदल्या रात्री परत पाठीत जरा चमक आली होती आणि ती घाबरली होती, खरंच घाबरली होती. तेव्हा तिनं ठरवून टाकलेलं, की आज पाणी प्यायचं, मग काय व्हायचं ते होवो. नऊ वाजता अर्धी बाटली, दहाला उरलेली अर्धी. साडेदहाला तिनं माठातून परत भरली. शेजारी बसलेल्या गिरिजाबाई नुसत्या बघत होत्या.

अकराला दैवशालानं पाय बदलला. सव्वाअकराला ती निवडता निवडता उभी राहिली. बाहेर टाकीचा नळ टपटप गळत होता, तो इतके दिवस गळत होता हे तिला आजच कळलं. साडेअकराला एक हमाल आला आणि तिच्या शेजारीच तांब्यानं वरून पाणी पीत, गुळण्या करत उभा राहिला. दैवशालानं डोळे मिटले.

"मी मागून आणू का?" गिरिजाबाई हळूच म्हणाल्या.

एवढं सोपं होतं. हो म्हणायचं. दैवशालाचं तोंड उघडलंही. मग तिनं दर दोन तासाचा हिशेब केला: आज चार वेळा, उद्या चार वेळा, आणि गिरिजाबाई दिवाळीला काम सोडणार होत्या.

"राहू द्या," ती म्हणाली आणि निघाली.

टेबलावर काटा होता तेवढी चौकोनी जागा स्वच्छ दिसत होती, भोवती धूळ. पलीकडे भागवत मालाच्या पावत्या लावत बसलेला. दोन हमाल पोत्यांना टेकून उभे. दैवशाला त्या रिकाम्या चौकोनापुढे उभी राहिली. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की या माणसाला हाक काय मारायची हेच आपण तेरा वर्षांत ठरवलेलं नाही.

"दादा," ती म्हणाली.

भागवतनं दाराकडे बघितलं. शेडमध्ये त्याला दादा म्हणणारं कुणी नव्हतं. त्याला वाटलं गावाकडून कुणी आलं.

"दादा, इकडं. मी बोलून राह्यले. चावी द्या."

भागवतचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो गडबडला, आणि गडबडलेला माणूस सवयीनं जे करतो ते त्यानं केलं. खिशात हात घातला, गोदामाची चावी पुढे केली आणि विचारलं, "कशाला?"

बाकीची एकवीस सुपं थांबली.

"ही न्हाई," दैवशाला म्हणाली. "ही गोदामाची. तुम्ही मागच्या साली बी हीच दिल्ती, आन् मी तशीच पोत्यात उभी राहून आल्ते. बाथरूमची द्या. मुतायला जायचंय."

एका हमालाला ठसका लागला. दैवशाला आता सुरू झाली होती, ती थांबेना. "माझी किडनी सुजली. डॉक्टरीण म्हणती काम सोडा, न्हाई तर दर दोन तासाला जा. मी काम न्हाई सोडणार. ह्या समद्या बाया सकाळधरनं पाणी न्हाई पीत, तुमच्या त्या कुलपापायी. फरशी खराब झाली तर आम्ही धुऊ. बिलकुल चकचकीत धुऊ. पण आता रोज खिशातून चावी न्हाई मागणार कोणी. ती खुंटीला ठेवा, न्हाई तर कुलूप काढा."

भागवतचे कान लाल झाले. बिचारा वाईट नव्हता. किडनीचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, वसंता तर त्याच्याकडे भजी खाऊन गेलेला. काहीतरी बोलणं भाग होतं. पण भावजयीकडे बघून बोलायची त्याचीही तेरा वर्षांत तयारी झालेली नव्हती. त्यानं घसा साफ केला, मान वळवली आणि टेबलावरच्या त्या रिकाम्या चौकोनाला म्हणाला, "काट्या, म्हणावं, आधी सांगायचं व्हतं..."

"काटा न्हाई तिथं, दादा," दैवशाला म्हणाली. "मी हाय."

भागवतनं हळूहळू मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. पदर डोक्यावर जसाच्या तसा होता. मग त्यानं वरच्या खिशातून दुसरी चावी काढून तिच्या हातात दिली.

"येताना कुलूप बी काढून आणा," तो तिला म्हणाला.

दैवशाला वळली आणि बायांच्या रांगेतून अगदी सावकाश, मॅडमनी सांगितलं तशी ताठ मानेनं, दारापर्यंत चालत गेली. दाराबाहेर पडल्यावर मात्र ती पळत सुटली.